हरलेल्या डावात चूक नेमकी कुठे झाली?

सिंगापूर, १२ डिसेंबर २०२४. बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला चौदावा, म्हणजे शेवटचा नियमित डाव. चीनचा जगज्जेता डिंग लिरेन आणि भारताचा १८ वर्षांचा आव्हानवीर डी. गुकेश यांचे गुण समान होते, प्रत्येकी साडेसहा. पटावर फारसे काही उरले नव्हते. दोघांकडे एकेक हत्ती आणि एकेक उंट. गुकेशकडे दोन प्यादी, डिंगकडे एक. एका प्याद्याने मागे असूनही डिंगला हा डाव बरोबरीत राखता येण्यासारखा होता. तसे झाले असते तर निर्णय दुसऱ्या दिवशीच्या जलद डावांवर गेला असता.

पंचावन्नाव्या चालीला डिंगने आपला हत्ती एफ२ या घरात नेला आणि हत्तींची अदलाबदल देऊ केली. थेट प्रक्षेपण पाहणाऱ्यांच्या पडद्यावर डाव्या-उजव्या कडेला एक उभी पट्टी असते. कोणाची बाजू किती वरचढ आहे, हे संगणकीय इंजिन त्या पट्टीवर सतत दाखवत असते. इतका वेळ मध्यावर असलेली ती पट्टी एकदम काळ्याच्या, म्हणजे गुकेशच्या बाजूला कलली. लाखो प्रेक्षकांना एका क्षणात कळले की जगज्जेत्याने डाव घालवला आहे. पटासमोर बसलेल्या दोघांना मात्र ते कळले नव्हते. ही चूक आपल्यालाही लगेच दिसली नाही, आपण दुसरीच चाल करणार होतो, असे गुकेशने नंतर सांगितले. काही सेकंद गेले आणि मग त्याला दिसले. त्याने हत्ती मारले, उंट डी५ वर आणला आणि आणखी दोन-तीन चालींत डिंगने हार मान्य केली.

घरी बसलेल्या सामान्य खेळाडूलाही इंजिनाने ‘एफ२ ही घोडचूक’ असे सांगितले. ते खरेच होते. पण त्या उत्तराने डिंगला किंवा त्या खेळाडूला काय शिकवले, हा वेगळा प्रश्न आहे. आज शाळकरी मुलापासून ग्रँडमास्टरपर्यंत प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर जगज्जेत्यापेक्षा बलाढ्य इंजिन आहे. हरलेला डाव त्यात घातला की काही सेकंदांत लाल खुणांची यादी समोर येते. तरीही तीच चूक पुढच्या रविवारच्या स्पर्धेत पुन्हा होते. असे का होते, याचे उत्तर अर्धे संगणकशास्त्रात आणि अर्धे मानसशास्त्रात आहे.

इंजिन काय मोजते?

मे १९९७ मध्ये ‘डीप ब्लू’ने गॅरी कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवले, तेव्हा ते यंत्र सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत असे. त्यासाठी खास बनवलेला महासंगणक लागला होता. आजचे इंजिन साध्या लॅपटॉपवर चालते, त्याहून कितीतरी कमी स्थिती तपासते आणि तरीही डीप ब्लूपेक्षा फार उत्तम खेळते. सर्वाधिक वापरले जाणारे ‘स्टॉकफिश’ हे इंजिन २००८ मध्ये आले. ते मोफत आहे आणि त्याची आज्ञावली कोणालाही पाहता येते.

त्याचे काम दोन भागांत चालते. पहिला भाग शोधाचा. ‘मी ही चाल केली, तर तो कोणती करेल, मग मी कोणती’ अशा फांद्या ते पसरत जाते आणि जिथे काही हाती लागण्याची शक्यता नाही त्या फांद्या छाटत जाते. दुसरा भाग मोजमापाचा. फांदीच्या टोकाला जी स्थिती येते तिला ते एक आकडा देते. पूर्वी हा आकडा माणसांनी लिहिलेल्या नियमांवरून ठरत असे, उदाहरणार्थ हत्तीची किंमत पाच प्यादी, उघड्यावर पडलेला राजा म्हणजे इतकी वजावट. २०२० पासून स्टॉकफिशमध्ये हे काम एक छोटे न्यूरल नेटवर्क करते. ही कल्पना जपानच्या शोगी या खेळाच्या इंजिनांकडून आली.

पडद्यावर दिसणारे ‘+१.००’ म्हणजे पांढऱ्याकडे साधारण एका प्याद्याइतके वर्चस्व, असे वर्षानुवर्षे सांगितले जाई. डिसेंबर २०२२ पासून स्टॉकफिशने हा आकडा जिंकण्याच्या शक्यतेशी जोडला. +१.०० म्हणजे दोन्ही बाजूंना इंजिनच खेळत असेल तर पांढरा जिंकण्याची शक्यता निम्मी. इथेच पहिली मेख आहे. हा आकडा इंजिन विरुद्ध इंजिन या खेळाचा आहे. तालुक्याच्या स्पर्धेत घड्याळात चार मिनिटे उरलेल्या दोन माणसांच्या खेळाचा नाही.

आकडा वाचताना होणाऱ्या गफलती

‘०.००’ दिसले की खेळाडू म्हणतो, इथपर्यंत सगळे ठीक होते. पण शून्याचे प्रकार असतात. एका शून्यात कोणतीही समंजस चाल चालते. दुसऱ्या शून्यात सलग सहा वेळा पटावरची एकमेव वाचवणारी चाल सापडावी लागते. इंजिनाला दोन्ही सारखेच. माणसासाठी पहिली स्थिती सपाट रस्त्यासारखी असते आणि दुसरी तारेवरची कसरत. दुसऱ्या प्रकारच्या स्थितीत जो खेळाडू चुकला, त्याची खरी चूक बहुधा त्या चालीत नसते. तारेवर चढण्याचा निर्णय जिथे घेतला तिथे ती असते.

उलट बाजूचाही घोळ होतो. +७ वरून +४ वर घसरण झाली तर कागदावर तीन प्याद्यांचा फरक दिसतो, पण डाव तितकाच जिंकलेला राहतो. खेळाडूने धोका टाळून साधी वाट धरली असेल तर त्याने शहाणपणा केला. म्हणूनच डाव तपासून देणारी बरीच संकेतस्थळे ‘अचूकता कमी’, ‘चूक’, ‘घोडचूक’ हे शिक्के नुसत्या आकड्यातल्या घसरणीवरून मारत नाहीत. जिंकण्याची शक्यता किती घसरली, हे त्या पाहतात. तरीही शिक्का हा शिक्काच. तो चाल बघतो, खेळाडूचा विचार त्याला दिसत नाही.

तिसरी गफलत घाईची. इंजिनाने दोन सेकंदांत दिलेले मत आणि दोन मिनिटांनी दिलेले मत यात फरक पडू शकतो. जिथे दोन्ही बाजूंची प्यादी एकमेकांत अडकून बसली आहेत आणि कोणालाच आत शिरता येत नाही, अशा तटबंदीच्या स्थितीत इंजिन बराच वेळ मोठा आकडा दाखवत राहते, प्रत्यक्षात डाव बरोबरीचा असतो.

आणि चौथी गोष्ट, इंजिनाचे उत्तर कधी कधी इतके उघड असते की त्याचा उपयोगच नसतो. नोव्हेंबर २००६ मध्ये जर्मनीतल्या बॉन शहरात तेव्हाचा जगज्जेता व्लादिमिर क्रामनिक ‘डीप फ्रिट्झ’ या संगणकाशी खेळत होता. दुसऱ्या डावात त्याने शांतपणे वजीर ई३ वर नेला आणि पुढच्याच चालीला त्याच्यावर मात झाली. एका चालीतली मात नवशिक्यालाही दिसावी. ‘इथे मात होती’ हे सांगायला कोणत्याही इंजिनाची गरज नव्हती. जगज्जेत्याला ती का दिसली नाही, हा प्रश्न होता. तज्ज्ञांनी एक शक्यता मांडली. एफ८ वरचा घोडा आणि एच७ वरचा वजीर मिळून मात करतात, ही रचना डावांत फार क्वचित येते. हजारो रचना डोक्यात साठवून खेळणाऱ्या माणसाच्या साठ्यात ती जणू नव्हतीच. हे उत्तर आकड्यातून येत नाही. माणसाच्या पाहण्याची पद्धत समजून घेतली तरच ते सापडते.

नजर एकाच ठिकाणी अडकते तेव्हा

बुद्धिबळपटूंच्या पाहण्यावर मानसशास्त्रात बरेच काम झाले आहे. २००८ मध्ये मेरीम बिलालिच, पीटर मॅक्लाउड आणि फर्नांड गोबे या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी निष्णात खेळाडूंना एक स्थिती दिली. तिच्यात सर्वांच्या परिचयाची, पाच चालींत मात देणारी युक्ती होती. त्याच स्थितीत तीन चालींत मात देणारी, पण कमी परिचयाची वाटही होती. खेळाडूंना परिचयाची युक्ती चटकन दिसली. ‘याहून छोटी वाट आहे का पाहा,’ असे सांगितल्यावर ते म्हणाले, शोधतो आहोत, पण दिसत नाही. संशोधकांनी उपकरणाने त्यांच्या नजरेचा माग काढला, तेव्हा आढळले की शोधत असल्याचे सांगतानाही त्यांचे डोळे पहिल्या युक्तीशी संबंधित घरांवरच परत परत जात होते. मग स्थितीत थोडा बदल करून परिचयाची युक्ती काढून टाकली, तर तीन चालींची वाट त्याच दर्जाच्या खेळाडूंना सापडली.

म्हणजे चांगल्या कल्पनेने अधिक चांगल्या कल्पनेचा रस्ता अडवला होता आणि खेळाडूला त्याचा पत्ताही नव्हता. हरलेल्या डावात नेमके हेच शोधायचे असते. त्या वेळी डोक्यात कोणती कल्पना ठाण मांडून बसली होती? हल्ल्याच्या नादात मागचा उंट विसरला गेला का? ‘अदलाबदल केली की सुटलो’ असा समज होता का?

या शेवटच्या प्रश्नासाठी सिंगापूरचा डाव उत्तम धडा आहे. बरोबरी हवी असलेल्या खेळाडूला सोंगट्या कमी कराव्याशा वाटतात, हे स्वाभाविक आहे. पण डावाच्या अखेरच्या टप्प्याचा जुना नियम असा, की मागे असलेल्याने प्यादी मारामारीत काढावीत आणि मोठ्या सोंगट्या राखाव्यात. कारण शेवटी नुसते राजे आणि प्यादी उरली की एक जादा प्यादेही बहुतेक वेळा डाव जिंकून देते. डिंगचा उंट पटाच्या कोपऱ्यात, ए८ वर होता. हत्ती गेल्यावर गुकेशने डी५ वर उंट आणताच तो उंट तिरप्या रेषेत कोंडला गेला. कुठेही गेला तरी अदलाबदल अटळ होती. हत्तींपाठोपाठ उंटही गेले आणि एका प्याद्याविरुद्ध दोन प्यादी उरली. डिंगच्या मनात काय होते हे तोच जाणे. पण त्या डावातून इतरांनी न्यायचा धडा ‘हत्ती एफ२ वर नेऊ नये’ असा नाही. ती स्थिती पुन्हा कोणाच्याही पटावर येणार नाही. ‘अदलाबदल देण्याआधी ती साखळी शेवटच्या सोंगटीपर्यंत मोजावी’ हा धडा मात्र शंभर डावांत उपयोगी पडतो.

उत्तर आधी पाहिले की काय होते?

इंजिनाचे उत्तर पाहिल्यावर बहुतेकांची प्रतिक्रिया ठरलेली असते, ‘अरे, हे मला दिसलंच होतं!’ यात खोटेपणा नसतो. १९७५ मध्ये बरुख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने लोकांना १८१४ च्या इंग्रज-गुरखा युद्धाची माहिती वाचायला दिली. काहींना शेवट काय झाला ते सांगितले, तेही वेगवेगळ्या गटांना वेगवेगळे. ज्याला जो शेवट सांगितला, त्याला तोच आधीपासून अधिक संभवनीय वाटला. निकाल कळला की माणसाचे मन आपली जुनी समजूत नकळत त्याप्रमाणे दुरुस्त करून घेते. डाव संपताच इंजिन उघडणारा खेळाडू असाच आपल्या खऱ्या विचारांचा पुरावा पुसून टाकतो. मग त्याच्या हाती अचूक चाल राहते आणि स्वतःची चूक मात्र निसटते.

दुसरे कारण स्मरणाचे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतरच्या चाचणीत आठवून लिहिणारे. इंजिनाच्या चाली नुसत्या पुढे ढकलत पाहणे म्हणजे पुन्हा वाचणे. त्या वेळी सगळे कळल्यासारखे वाटते. स्वतः चाल शोधणे कष्टाचे असते, पण टिकते तेच.

तिसरी गोष्ट हरलेल्याला दिलासा देणारी आहे. ब्रॅडी बटरफिल्ड आणि जॅनेट मेटकाफ यांनी २००१ मध्ये दाखवले, की माणूस ज्या उत्तराबद्दल ठाम असतो तेच चुकले आणि लगेच दुरुस्त करून मिळाले, तर ती दुरुस्ती डळमळीत उत्तरांपेक्षा अधिक पक्की बसते. आत्मविश्वासाला बसलेला धक्का लक्ष वेधून घेतो. पण त्यासाठी आपण किती ठाम होतो, हे आधी नोंदलेले हवे. इंजिन उघडण्यापूर्वी ‘इथे मी नक्की बरोबर होतो’ असे लिहिलेला खेळाडू चुकीचा ठरला, तर त्याला मोठा फायदा होतो.

चुकीच्या आधीची चूक

समजा, एका खेळाडूने चोविसाव्या चालीला घोडा फुकट घालवला. इंजिन चोविसाव्या चालीवर लाल खूण करेल. पण स्कोअरशीटवर वेळेची नोंद असेल तर कदाचित दिसेल की सतराव्या चालीला, जिथे दोन्ही पर्याय सारखेच चांगले होते, तिथे त्याने पंचवीस मिनिटे घालवली. चोविसाव्या चालीपर्यंत त्याच्याकडे तीन मिनिटे उरली होती. घोडा गेला चोविसाव्या चालीला, चूक झाली सतराव्या चालीला, आणि सतराव्या चालीवर इंजिनाची हिरवी खूण आहे.

यामागे स्थितीच्या अवघडपणाचाही भाग असतो. ॲश्टन अँडरसन, जॉन क्लाइनबर्ग आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी २०१६ मध्ये माणसांच्या असंख्य डावांतल्या शेवटच्या टप्प्यातील, मोजक्या सोंगट्यांच्या स्थिती तपासल्या. अशा स्थितींची अचूक उत्तरे संगणकाने आधीच पूर्ण काढून ठेवलेली आहेत, त्यामुळे चूक कोणती यावर वाद नसतो. खेळाडूचा दर्जा, उरलेला वेळ आणि स्थितीचा अवघडपणा या तिघांपैकी चूक होईल का याचा सर्वांत चांगला अंदाज अवघडपणावरून येतो, असे त्यांना आढळले. म्हणजे ‘मी मूर्ख आहे’ हे हरलेल्याचे पहिले निदान सहसा चुकीचे असते. ‘मी अशा अवघड जागी कसा आलो’ हा अधिक कामाचा प्रश्न आहे.

शरीराचा वाटाही विसरता येत नाही. स्टेफेन क्युन, ह्वान पालासिओस आणि निको पेस्टेल यांनी जर्मनीतल्या स्पर्धांमध्ये तीन वर्षे खेळण्याच्या दालनातल्या हवेतील सूक्ष्म धूलिकण मोजले आणि १२१ खेळाडूंच्या ३० हजारांहून अधिक चाली इंजिनाकडून तपासून घेतल्या. हवेत सूक्ष्म कण वाढले की मोठ्या चुका वाढत होत्या. घड्याळाचा ताण असताना हा परिणाम अधिक जाणवत होता. खेळाडूला स्वतःला यातले काही कळत नसते. त्याला वाटते, आज डोके चालत नाही. कोंदट सभागृह, अपुरी झोप, सकाळपासून पोटात काही नसणे, लागोपाठ तिसरा डाव, या गोष्टी इंजिनाच्या यादीत कधीच येत नाहीत. त्या खेळाडूनेच लिहून ठेवाव्या लागतात.

डाव तपासण्याची रीत

अनुभवी प्रशिक्षक सांगतात त्या रीतीचा सारांश असा. ती कोणत्याही दर्जाच्या खेळाडूला लागू पडते.

पहिला टप्पा इंजिनाविना. डावाच्या दिवशीच, आठवण ताजी असताना, स्कोअरशीट समोर ठेवून डाव पटावर पुन्हा खेळावा. कुठे जास्त वेळ घेतला, कशाची भीती वाटली, कोणती चाल करायची होती पण केली नाही, कोणत्या चालीबद्दल खात्री होती, हे चार-चार शब्दांत लिहावे. स्पर्धेत खेळताना चालींपुढे घड्याळातला उरलेला वेळ टिपून ठेवण्याची सवय इथे कामाला येते. डाव आपल्या मते कुठे फिरला, त्या दोन-तीन जागा ठरवाव्यात आणि प्रत्येक ठिकाणी ‘आता काय खेळलो असतो’ ते पक्के करावे.

दुसरा टप्पा प्रतिस्पर्ध्यासोबत. डाव संपल्यावर दोघांनी बाजूला बसून तो पुन्हा मांडायची प्रथा जुनी आहे. हल्ली तो वेळ फोन काढण्यात जातो. आपल्याला ज्या चालीची धास्ती होती ती समोरच्याच्या ध्यानीमनीही नव्हती आणि तो वेगळ्याच गोष्टीला घाबरत होता, हे फक्त तोच सांगू शकतो.

तिसऱ्या टप्प्यात इंजिन सुरू करावे, पण लिहून ठेवलेल्या जागांपासून. एकाऐवजी पहिल्या तीन चाली दाखवायला सांगावे. पहिल्या आणि दुसऱ्या चालीत फरक नगण्य असेल तर तिथे डोके फोडण्यात अर्थ नाही. पहिली चाल टिकते आणि बाकीच्या सगळ्या कोसळतात असे असेल तर ती जागा खरी अवघड होती. इंजिनाची चाल पटली नाही तर आपली चाल खेळून बघावी आणि ते काय उत्तर देते ते पाहावे. ‘हे का नको?’ असा प्रश्न इंजिनाला फक्त चालीच्या भाषेत विचारता येतो. उत्तर मिळेपर्यंत तो विचारत राहावा. ‘समोरच्याचा बेत काय आहे’ हे पाहायचे असेल तर आपली चाल सोडून देऊन खेळी त्याला द्यावी. काही मोफत संकेतस्थळांवर यासाठी एक कळ दाबणे पुरते.

चौथ्या टप्प्यात चुकीची जात ठरवावी. समोरच्याची चाल दिसलीच नाही? दिसली, पण मोजणी चुकली? मोजणी बरोबर होती, पण शेवटी आलेली स्थिती आपल्याला चांगली वाटली आणि ती वाईट होती? वेळ संपला? की जिंकत असल्याच्या आनंदात लक्ष उडाले? प्रत्येक जातीचे औषध वेगळे. मोजणी चुकणाऱ्याने रोज कोडी सोडवावीत. पारख चुकणाऱ्याने शेवटच्या टप्प्याचा अभ्यास करावा. वेळेत अडकणाऱ्याने सोप्या चाली लवकर करायला शिकावे. दहा-पंधरा हरलेल्या डावांची अशी नोंद झाली की एकच जात पुन्हा पुन्हा डोके वर काढताना दिसते. ती सापडली की विश्लेषणाचा हेतू साधला.

शेवटचा टप्पा आठवड्यानंतरचा. ज्या स्थितीत चूक झाली ती कोड्यासारखी स्वतःला पुन्हा घालावी. जमली तर तिथून पुढे इंजिनाविरुद्ध खेळून पाहावे.

इंजिन नव्हते तेव्हा

ही रीत नवी नाही. सोव्हिएत संघाचा मिखाईल बोटविनिक १९५७ मध्ये वासिली स्मिस्लोव्हकडून आणि १९६० मध्ये मिखाईल तालकडून जगज्जेतेपद हरला. दोन्ही वेळा त्याने पुढच्याच वर्षी ते परत मिळवले. स्वतःच्या डावांचे निर्दय विश्लेषण करावे आणि ते छापून इतरांच्या टीकेसाठी खुले ठेवावे, असे तो शिष्यांना सांगत असे. त्या काळी चूक शोधायला रात्री जागवाव्या लागत. तो वेळ वाया जात नव्हता, कारण चूक शोधता शोधताच खेळाडू घडत असे.

गुकेशच्या घडणीतही याचा धागा आहे. त्याचे सुरुवातीचे प्रशिक्षक, ग्रँडमास्टर विष्णू प्रसन्न यांनी लहानपणी त्याला इंजिनापासून दूर ठेवले होते. जानेवारी २०१९ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी तो ग्रँडमास्टर झाला. त्या काळात इतर मुले जे उत्तर एका कळीवर पाहत होती, ते तो स्वतः मोजून काढत होता. जगज्जेतेपदाच्या तयारीत अर्थातच इंजिनांचा भरपूर वापर होतो, आजच्या उच्च पातळीवर त्याशिवाय गत्यंतर नाही. प्रश्न फक्त क्रमाचा आहे, आधी डोके आणि मग इंजिन.

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला. तिच्याकडे पाहून महाराष्ट्रातली बरीच मुले आता पटाकडे वळत आहेत. त्यांच्या पालकांच्या हातात स्पर्धेच्या दारात फोन असतो आणि त्यावर मुलाच्या डावाची ‘अचूकता ६८ टक्के’ अशी नोंद असते. हा आकडा परीक्षेतल्या गुणांसारखा नाही. धुमश्चक्रीच्या डावात तो चांगल्या खेळाडूचाही घसरतो आणि सपक बरोबरीत नवख्याचाही चढतो. त्यावरून मुलाला बोल लावला तर मूल एकच गोष्ट शिकते, ती म्हणजे अवघड डाव टाळायचा. हरून बाहेर आलेल्या मुलाला आधी पाणी आणि खायला द्यावे. संध्याकाळी पट मांडून एवढेच विचारावे, ‘इथे तुझ्या मनात काय होतं?’ त्याचे उत्तर वहीत लिहून झाले की मग फोन उघडायला हरकत नाही.